सगळे तोंडाकडे पाहत राहिले



वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, वैद्यक नाही. त्यामुळे आजारावर लिहिताना आमचा हात जरा आखडतो. तरी या महिन्यात घरातलीच एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यात चूक आमची झाली, आणि तीच चूक तुमच्या घरात होऊ नये एवढीच इच्छा आहे.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी महिना. अकोल्यात चांगली थंडी पडली होती. आमच्या खाला फजरच्या वुजूला बसल्या. कुल्लीसाठी तोंडात पाणी घेतले, तर ते ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळून गेले. पुन्हा घेतले, पुन्हा गळाले. आरशात पाहिले तेव्हा तोंड उजवीकडे ओढलेले दिसले. डाव्या कपाळाला आठी पडेना, डावा डोळा मिटेना. घरात रडारड सुरू झाली आणि सकाळचे आठ वाजेपर्यंत अर्धा मोहल्ला अंगणात जमला.

कुणी म्हणाले, हवा लागली. कुणी म्हणाले, असर आहे, आमिलला दाखवा. एकीने गालात जायफळ धरायला सांगितले, दुसऱ्याने जंगली कबुतराचे रक्त चोळायला. आम्ही बी.एड. झालेले, सगळ्यांना दटावले, मोबाइलवर दोन पाने वाचली आणि निकाल देऊन टाकला: "हा अंगाचा लकवा नव्हे, फक्त चेहऱ्याची नस आहे. दहापैकी सात जण आपोआप बरे होतात. घाबरू नका." माहिती खोटी नव्हती. पण वर्गात गणित न शिकवणाऱ्यालाही कळायला हवे होते की सात बरे होतात म्हणजे तीन पूर्ण बरे होत नाहीत, आणि खाला त्या तिघांत असू शकतात.

डॉक्टरकडे नेले ते पाचव्या दिवशी. गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी तोंड बरेचसे सरळ झाले, बोलणे साफ झाले, चहा सांडेनासा झाला. घरात शुक्राने की नमाज झाली, शेजारी मिठाई गेली. आम्ही सगळे तोंडाकडे पाहत होतो. डोळ्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते.

इथे भाषेचा शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगू द्या. आपल्या वऱ्हाडात हात-पाय गेले तरी 'लकवा' म्हणतात आणि तोंड वाकडे झाले तरी लकवाच. अरबी वैद्यकात मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. अर्धे अंग जाते तो 'फालिज' आणि चेहरा वाकडा होतो तो 'लकवा'. एक हजार वर्षांपूर्वी अबू बक्र अर-राझी यांनी चेहऱ्याच्या लकव्यावर वेगळे लिहून ठेवले. आज या आजाराच्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराला ज्यांचे नाव दिले जाते ते चार्ल्स बेल एकोणिसाव्या शतकातले. त्यांचा निबंध १८२१ चा. शब्दांतला हा फरक जीव वाचवणारा आहे. कपाळाला आठी पडते, पण ओठ लोंबतो, हाताला बळ नाही, जीभ जड झाली, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा एक मिनिटही घरी थांबू नये, थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे. कपाळ, डोळा आणि ओठ असा एका बाजूचा सगळाच चेहरा ढिला पडला, तर बहुतेक वेळा चेहऱ्याची नस दुखावलेली असते. पण यातले काय झाले आहे ते डॉक्टरने ठरवायचे, आमच्यासारख्या मोबाइल वाचणाऱ्याने नाही.

ही नस मेंदूतून निघून कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते आणि चेहऱ्यावर पसरते. बोगद्यात सूज आली की ती दबते. सूज उतरवणारी स्टेरॉइडची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवून ती द्यावी लागते. आम्ही पाचव्या दिवशी पोचलो, म्हणजे १०० तास उलटून गेले होते.

आता डोळ्याचे. पापणी वर उचलणारी नस वेगळी आणि डोळा मिटणारी वेगळी. चेहऱ्याची नस गेली की मिटणारा स्नायू झोपतो, उचलणारा जागाच राहतो. म्हणून डोळा उघडाच राहतो, झोपेतही. खालच्या पापणीला तर आधारच त्या मिटणाऱ्या स्नायूचा. तो गेला की ती स्वतःच्या वजनाने खाली लोंबते आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला उलटते. आतली लाल कड दिसू लागते. नाकाजवळच्या कोपऱ्यात पापणीवर एक बारीकसे छिद्र असते, त्यातून आसवे नाकात उतरतात. पापणी उलटली की ते छिद्र डोळ्यापासून दूर जाते आणि आसवे गालावर वाहतात. गंमत अशी की डोळ्यातून पाणी वाहत असते आणि डोळा मात्र कोरडा पडत असतो, कारण पापणी मिटून ते पाणी बुबुळावर पसरवणारे कुणी उरलेले नसते.

खालांचे तसेच झाले. दिवसभर त्या दुपट्ट्याच्या टोकाने डोळा पुसत, आणि दर वेळी वरून खाली. ढिली पापणी त्याने आणखी खाली ओढली जात होती, हे आम्हाला पुढे कळले. कुणी विचारले तर म्हणत, "कुछ नहीं बेटा, पाणी येते फक्त." त्यांनी लग्नकार्यांना जाणे सोडले. आम्ही समजलो, तोंडाची लाज वाटत असेल. एकदा आमच्या घरातून कुणीतरी म्हणाले, "नकाबमध्ये काय दिसते?" तेव्हा त्या गप्प राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नकाबात तोंड झाकते. डोळाच तर उघडा राहतो."

मे महिना आला. अकोल्याचा मे कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. ऊन ४५ अंशांच्या पुढे, लू वाहते, रस्त्यावरची धूळ थेट डोळ्यात. त्यांचा डोळा लाल झाला. एका सकाळी बुबुळावर ज्वारीच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला. आपल्याकडे याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. चार महिन्यांनी.

डॉक्टर बाईंनी तपासले आणि शांतपणे विचारले, "झोपताना डोळ्यावर पट्टी लावायला कुणी सांगितले नव्हते का?" आम्ही खाली पाहिले. बुबुळावरचा पारदर्शक पडदा उघडा राहून सुकला होता, त्यावर जखम झाली होती. त्यांनी कापसाच्या वातीचे टोक बुबुळाला हलकेच लावून पाहिले. खालांनी चटकन डोके मागे घेतले. "छान. कळतेय," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, अंगावर कुठे सुन्न चट्टा आहे का, हातापायाला मुंग्या येतात का. आम्हाला प्रश्नाचा रोख कळला आणि जरा रागही आला. त्यांनी समजावून सांगितले की या भागात लटकलेली पापणी पाहिली की हा प्रश्न विचारावाच लागतो. खालांना तसे काही नव्हते. पण घरी आल्यावर आम्ही त्या प्रश्नाच्या मागे लागलो, आणि जे कळले ते प्रत्येक घराने माहीत करून घ्यावे असे आहे.

कुष्ठरोगातही हीच नस धरते. गालाच्या हाडावरून तिच्या फांद्या कातडीच्या अगदी जवळून जातात. चेहऱ्यावर चट्टा असेल तर त्या सुजतात आणि डोळा मिटेनासा होतो. त्यात बुबुळाची संवेदनाही गेली तर दुहेरी संकट. खालांचा डोळा खुपत तरी होता. ज्याला खुपतच नाही, त्याला जखम झालेली कळतही नाही, आणि दृष्टी गुपचूप जाते. आपल्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले, अचलपूरजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे, वरोऱ्याला बाबा आमटेंचे आनंदवन. समाजाने बाहेर काढलेल्या माणसांना या ठिकाणी दार उघडे मिळाले. आणि लटकलेल्या पापण्या, पडलेले नाक, वाकलेली बोटे दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया भारतात पुढे नेली ती कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांनीच. मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्याकडे प्लास्टिक सर्जरी शिकून आले. त्यांना श्रीमंतांचे नाक-डोळे सुधारून बक्कळ पैसा मिळवता आला असता. त्यांनी पुण्याच्या कोंढव्यातल्या कुष्ठरुग्णालयात आणि नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे काम केले.

त्या काळच्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन वाचून आम्ही थक्क झालो. कानशिलावर एक स्नायू असतो. आपण घास चावतो तेव्हा बोट ठेवले तर तो हललेला कळतो. त्याची नस वेगळी असल्याने तो शाबूत असतो. त्या स्नायूची एक पट्टी सोडवून वरच्या आणि खालच्या पापणीतून ओवून नाकाजवळ अडकवतात. मग रुग्णाने दात आवळले की डोळा मिटतो. सवय करावी लागते; दिवसातून अनेक वेळा आठवणीने दात आवळायचे. जेवायला बसले की प्रत्येक घासाबरोबर डोळा आपोआप मिटतो. आपण दिवसातून हजारो वेळा पापणी मिटतो आणि एकदाही त्याचा शुक्र करत नाही. ही माणसे मात्र एकेक मिटणे मेहनतीने कमावतात.

आणखी एक गोष्ट याच ओघात. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि औषध सुरू झाले की तो पसरत नाही. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवऱ्याचा कुष्ठरोग हे तलाक मागण्याचे कारण म्हणून नोंदवले होते. २०१९ मध्ये संसदेने ते काढून टाकले. कायद्याने भीती सोडली, आता आपण सोडायची.

खालांकडे परत येऊ. थेंब, मलम आणि रात्री पट्टी याने जखम भरली, पण फूल राहिले. डॉक्टर म्हणाल्या, पापणी जागेवर आणली नाही तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हेच होईल. नस किती सुधारते ते पाहण्यासाठी आणखी काही महिने थांबलो, जपून. सुधारणा थांबली तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख घेतली.

आणि इथे दुसरी अडचण उभी राहिली. नात्यातल्या एका बुजुर्गांनी सांगितले, "अल्लाहने दिलेल्या सूरतीत बदल करणे जायज नाही. या वयात प्लास्टिक सर्जरी कशाला?" खाला लगेच मागे सरल्या. त्यांना निमित्तच हवे होते, भीती वाटत होती ना. आम्ही वाद घातला नाही. मोहल्ल्यातल्या इमाम साहेबांकडे गेलो. त्यांनी हजरत अर्फजा (रजि.) यांची हदीस सांगितली. कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. अबू दाऊद आणि तिर्मिजीत ही हदीस आहे. पुरुषाला सोने हराम, तरीही इलाज म्हणून परवानगी मिळाली. इमाम साहेब म्हणाले, "निरोगी अंगाला नटवण्यासाठी कापणे वेगळे आणि बिघडलेले अंग पूर्ववत करणे वेगळे. डोळा अमानत आहे. तो वाचवण्यात बदल कसला, ती तर हिफाजत आहे." पुढे डॉक्टरांकडून कळले की डोळा मिटावा म्हणून काहींच्या वरच्या पापणीत सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा छोटासा तुकडा बसवतात; त्याच्या वजनाने पापणी खाली येते. आम्हाला अर्फजांची हदीस पुन्हा आठवली.

लटकलेल्या पापणीवर शस्त्रक्रिया करण्याची कल्पनाही आपल्याला परकी नाही. दहाव्या शतकात कुर्तुबात अबुल कासिम अज-जहरावी होऊन गेले. त्यांच्या 'अत-तसरीफ' या ग्रंथाचा तिसावा भाग शस्त्रक्रियेचा आहे. बाहेर उलटणाऱ्या खालच्या पापणीसाठी 'शतरा' हा शब्द वापरून त्यांनी तिच्या दुरुस्तीवर वेगळे प्रकरण लिहिले. हे बुजुर्गांना सांगितले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "मग जा."

डिसेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. खालांना वाटत होते, बेशुद्ध करतील. तसे नव्हते. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात सुई देऊन तेवढ्या जागेपुरती भूल दिली. पापणीच्या आत एक ताठ पट्टी असते आणि तिची टोके दोन्ही बाजूंना हाडाला बांधलेली असतात, दोरीवर चादर ताणल्यासारखी. दोरी सैल झाली की चादर लोंबते. डॉक्टर बाहेरच्या कोपऱ्यात ती पट्टी सोडवतात, जादा लांबी कमी करतात आणि डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या आतल्या कडेला टाक्याने पुन्हा घट्ट बांधतात. खालांच्या बाबतीत त्यासोबत बाहेरच्या कोपऱ्यात दोन्ही पापण्या थोड्या जोडल्या, म्हणजे डोळ्याची फट लहान होऊन बुबुळ झाकले जाईल. पाऊण तास लागला. त्या तोंडातल्या तोंडात दुरूद पढत होत्या. संध्याकाळी आम्ही घरी आलो.

नंतर काही दिवस डोळ्याला पाणी लावायचे नव्हते, वाकायचे नव्हते. खालांना नमाजची काळजी. इमाम साहेबांनी सांगितले की चेहऱ्याचा बाकीचा भाग धुवावा, पट्टीवर ओला हात फिरवून मसह करावा, आणि सजदा बसून इशाऱ्याने करावा. रोज्यात डोळ्यात थेंब टाकले तर रोजा जात नाही, असे हनफी उलमा सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, पण न विचारता औषध बंद करू नका.

सूज उतरायला तीन आठवडे लागले. पापणी जागेवर बसली. पाणी वाहणे जवळपास थांबले. डावा डोळा उजव्यापेक्षा थोडा लहान दिसतो, एवढेच. पण फूल तिथेच आहे. त्या डोळ्याने खालांना आमचा चेहरा धुरकट दिसतो. शस्त्रक्रियेने पापणी परत आली, नजर नाही. आम्ही जानेवारीतच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले असते, तर बहुधा ते फूल पडलेच नसते. हा हिशेब आम्हाला स्वतःलाच द्यावा लागतो.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. घरात कुणाचे तोंड वाकडे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, उद्यावर टाकू नका. दुआ जरूर करा, दम जरूर करा, पण रिक्षात बसून करा. तिथे दुसरा प्रश्न डोळ्याचा विचारा: डोळा पूर्ण मिटतो का? मिटत नसेल तर दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब, रात्री मलम, आणि डोळा हळूच बंद करून वर पट्टी, अशी की पट्टी बुबुळाला घासणार नाही. बाहेर जाताना मोठा चष्मा. पाणी पुसायचे असेल तर वर आणि नाकाच्या दिशेने, हलक्या हाताने. डोळा लाल झाला, खुपू लागला, उजेड सहन होईना किंवा पांढरे दिसले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तीन-चार महिन्यांत चेहरा सुधारलाच नाही, तर दुसरे काही कारण आहे का ते पुन्हा तपासून घ्या. आणि ज्यांची पापणी वर्षानुवर्षे लोंबलेली आहे, ज्यांनी 'आता काय, नशिबात आहे' म्हणून सोडून दिले आहे, त्यांना सांगा की ती अजूनही दुरुस्त होऊ शकते. खर्चाची चिंता असेल तर आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारा. आपल्या अकोल्यात आहे, नागपुरातही आहे.

गेल्या महिन्यात आमच्या मामेबहिणीचा निकाह झाला. खाला नकाब घालून सगळ्यांच्या आधी तयार होऊन दारात उभ्या होत्या. रिक्षात बसताना म्हणाल्या, "बेटा, तू तेव्हा फार पुस्तकी बोलला होतास." आम्ही म्हणालो, "माफ करा, खाला." त्या म्हणाल्या, "मला नको सांगू. तुझ्या त्या मासिकात लिही."

लिहिले. अल्लाह तआला सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि आम्हाला वेळेवर शहाणपण देवो. आमीन.